‘पोचला’ म्हणणारा फोन

सोलापुरात अण्णांकडे एक फोन आहे. त्या फोनवर मी जितका जीव टाकला तितका नवऱ्यावर टाकला असता तर संसार टिकला असता, असं माझी एक मैत्रीण म्हणते. ती तोंडाची फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही. खोटं बोलायचं खातं माझ्याकडे आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे वडलांना अण्णा म्हणणारी घरं पुष्कळ, त्यात विशेष काही नाही. चेन्नईत मात्र रिक्षावाला अण्णा, इडलीवाला अण्णा, गॅसवाला अण्णा, कारण तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. नवीन आले तेव्हा रस्त्यात कुणी ‘अण्णा’ अशी हाक मारली की मी दचकून मागं वळायची. पुढं मीही भाजीवाल्याला बिनदिक्कत अण्णा म्हणायला लागले. सवय लागली, आणि सवयीनंच एक दिवस घात केला, पण ते पुढं येईल.

नऊ वर्षांपूर्वी अण्णांचं स्वरयंत्र काढलं. गाठ होती, डॉक्टर म्हणाले आवाज की जीव ते ठरवा. अण्णांनी जीव ठरवला, म्हणजे खरं तर आईनं ठरवला, आणि दोन वर्षांनी आईच गेली. राहिले अण्णा एकटे, गळ्याशी भोक, त्यावर सुती रुमाल, आणि तोंडातून शब्द नाही. ज्या माणसानं पस्तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला, ‘बोटाकडं बघू नका, कागदाकडं बघा’ असं ओरडून ओरडून अर्ध्या गावाला मराठी टायपिंग शिकवलं, त्याला आता पाणी हवंय हे सांगायला भांडं वाजवावं लागत होतं.

आधी आम्ही सगळ्यांसारखा नवा काचेचा फोन घेतला. तो त्यांना जमला नाही. जमला नाही म्हणजे काय, तर काचेवर ‘क’ कुठंय ते बोटाला कळत नाही. त्यांच्या बोटांना माहीत होतं की ‘क’ डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली आणि ‘र’ उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली असतो. फोनवरची अक्षरं बाराखडीच्या क्रमानं मांडलेली. प्रत्येक अक्षर शोधायचं, बोट कोरडं म्हणून दोनदा दाबायचं, मग फोननं स्वतःचाच शब्द घुसडायचा. एकदा ‘भाकरी’ लिहायला गेले आणि फोननं ‘भानगडी’ करून पाठवलं. मी हसले. अण्णा हसले नाहीत, फोन पालथा घालून ठेवला आणि चार दिवस उचलला नाही.

तेव्हा मला माझा जुना फोन आठवला. चेन्नईत पहिली नोकरी लागली तेव्हा हौसेनं घेतलेला. खालून सरकवून बाहेर काढायची खरीखुरी बटणं असलेला, हातात विटेसारखा जड, आणि आत लिनक्स. लिनक्स म्हणजे काय हे अण्णांना समजावताना मी म्हटलं होतं, इतर फोन शिवून बंद केलेल्या उशीसारखे असतात, ह्याला बटणं आहेत, उघडून कापूस बदलता येतो. मी कापूस बदलला. जुन्या मराठी टाइपरायटरची मांडणी जशीच्या तशी त्या बटणांवर बसवली. बटणांवर कागदाचे तुकडे चिकटवून अक्षरं लिहिली, ती अण्णांनी पहिल्याच दिवशी खरवडून काढली. त्यांना गरज नव्हती. दहा बोटांच्या जागी दोन अंगठे आले, तरी अंगठ्यांनी वाट काढली. पहिलं वाक्य लिहिलं, ‘काकूनं केलेल्या आमटीत मीठ नव्हतं.’ काकू म्हणजे शेजारच्या, त्याच त्यांना डबा देतात. गेले आठ महिने माणूस हे सांगायला थांबला होता.

त्यानंतर अण्णा बोलत सुटले. दिवसाला तीस-चाळीस मेसेज. गल्लीत कोण वारलं, कुणाच्या पोरीचं जमलं, पाणी किती दिवसांनी आलं, मी हातमोजे घालून दुचाकी चालवते की नाही. कंपनीत कामाला बसले की खिशात सारखं घुर्र घुर्र. मी वैतागायची, आणि मला ते हवंही होतं.

पण फोन जुना. त्याला बनवणाऱ्यांनी केव्हाच वाऱ्यावर सोडलेला. इंटरनेटवर दोन यंत्रं बोलायला लागली की आधी एकमेकांची ओळखपत्रं तपासतात, मग कुलूप कुठलं लावायचं ते ठरवतात. दर वर्षी नवी ओळखपत्रं निघतात, नवी कुलपं निघतात, आणि ह्या फोनच्या खिशात सगळं बारा वर्षांपूर्वीचं. एकेक दार बंद होत गेलं. आधी ईमेल गेलं, मग बातम्या, मग हवामान. सिमचा कप्पा सैल झाला, फोन सिम ओळखेना. मग अण्णांच्या खिशात वायफायची एक छोटी डबी दिली, साखळीला बांधून, म्हणजे गळ्यात रुमाल, खिशात डबी, हातात वीट. जत्रेला निघालेला माणूस दिसतो असं काकू म्हणायच्या.

शेवटी मी एक मध्यस्थ बसवला. चेन्नईत अड्यारच्या माझ्या खोलीत, पुढं अण्णा नगरच्या भाड्याच्या घरात, चपलांच्या कपाटावर एक पुस्तकाएवढा संगणक. तो एका बाजूनं आजच्या जगाशी आजच्या भाषेत बोलायचा आणि दुसऱ्या बाजूनं अण्णांच्या फोनशी त्याच्या जुन्या भाषेत. गावाकडच्या म्हाताऱ्याला कचेरीत नेताना सोबत एक शिकलेला लागतो ना, तसा. अण्णा सोलापुरात अंगठे चालवणार, शब्द चेन्नईत माझ्या चपलांच्या कपाटावर येणार, तिथून माझ्या फोनवर. नाकापेक्षा मोती जड झाला होता हे मलाही कळत होतं.

मध्यस्थ अधूनमधून रुसायचा. वीज गेली, लाइन गेली, काही ना काही. तेव्हा अण्णांच्या फोनवर इंग्रजीत लांबलचक तांबडी पाटी यायची. अण्णा घाबरायचे. त्यांना वाटायचं आपण काहीतरी मोडलं. तशा उन्हात काकूंच्या घरी जाऊन पाटी दाखवायचे, काकू मला फोन करायच्या, मी मीटिंगमधून उठायची. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. म्हणून एका रविवारी मी तांबडी पाटीच काढून टाकली. मेसेज गेला नाही तर फोननं गप्प बसायचं, रांगेत ठेवायचा, जमेल तेव्हा पुन्हा पाठवायचा. अण्णांनी बटण दाबलं की मेसेजखाली एकच शब्द यायचा, ‘गेला’.

अण्णांनी लगेच लिहिलं, ‘गेला काय लिहितेस? गेला म्हणजे मेला. पोचला लिही.’

आता बघा, आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. अशा घरात वाढलेली मी, ‘गेला’ शब्द खोडून ‘पोचला’ घालताना मला एका क्षणाचाही विचार पडला नाही. मी दिवसभर कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासते. एखादा भाग बाहेर पाठवला आणि तो तिकडे मिळाला ह्या दोन वेगळ्या नोंदी असतात हे नव्या पोरांना मीच शिकवते. त्या दिवशी मात्र वाटलं, उशिरा का होईना पोचतोच की, आधीच तसं म्हटलं तर काय बिघडलं. अण्णा खूश झाले. चार वर्षं तो शब्द प्रत्येक मेसेजखाली दिसत राहिला, आणि चार वर्षं तो बहुतेक वेळा खराही ठरला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझं डोकं फिरलं होतं. नव्या मॉडेलचं काम, इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्याची सकाळी सातची बस, परत यायला अंधार. त्यात आताच्या घरमालकीणबाईंनी वरचा मजला रिकामा झाला म्हणून बोलावलं आणि मी अड्यारहून अण्णा नगरला आले. सामान अजून खोक्यांत. त्यात मध्यस्थ संगणकानं जुनं कुलूप लवकरच चालणार नाही अशी सूचना द्यायला सुरुवात केली. मी शनिवारी दुपारी अण्णांना लिहिलं, ‘आता मला हे जमणार नाही. एक तर नवा फोन घ्या, नाहीतर हा घेऊन इकडं या, एकदाच काय ते बघते. तिथं बसून हट्ट करू नका.’

‘हट्ट’ हा शब्द लिहायला नको होता. ज्यानं कुणाकडं कधी काही मागितलं नाही अशा माणसाला मी हट्टी म्हटलं.

मेसेज पाठवून मी रागारागात संगणक नवा करायला बसले. सगळं नवं चढवलं, जुन्या कुलपासाठी जी पळवाट ठेवायची ती ठेवली, आणि चाचणी घेतली. माझ्याकडे तसलाच दुसरा फोन आहे, सुट्या भागांसाठी ठेवलेला. त्याच्यावरून मेसेज पाठवला, मिळाला. झालं. घरातल्या घरात पाठवलेला मेसेज घरच्याच वायफायवरून जातो, बाहेरच्या दारानं येतच नाही, ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. सुचली नाही. बाहेरचं दार बंद होतं.

अण्णांचं उत्तर आलं नाही. रविवारी आलं नाही, सोमवारीही नाही. मी म्हटलं, रुसलेत. बसू देत. मीपण त्यांचीच पोरगी. दिवसाला चाळीस मेसेज करणारा माणूस तीन दिवस गप्प आहे आणि मी शोध घ्यायच्या ऐवजी मान ताठ ठेवून बसले. एकदा मोबाइल उचलला होता, ‘जेवलात का’ असं लिहायला. लिहिलं नाही.

मंगळवारी दुपारी साडेतीनला काकूंचा फोन आला. मी यंत्राजवळ उभी होते, कानात बोळे, काही ऐकू येईना. बाहेर आले.

“पोचले का गं अण्णा?” काकू म्हणाल्या.

“कुठं पोचले?”

काकू म्हणाल्या, “अगं, काल गाडीत बसवलं की मी त्यांना. सकाळीच उतरायचे होते चेन्नईला. तुला सगळं कळवलंय म्हणाले. मला फोन दाखवला त्यांनी. पोचला, पोचला असंच लिहिलेलं होतं सगळ्यांखाली.”

‘पोचला’ हा शब्द मीच घातलेला, आणि माझ्याकडे त्यांचा एकही मेसेज आला नव्हता. गाडी सकाळी लागून सात तास झाले होते. अण्णांना नवं घर माहीत नव्हतं, त्यांच्याकडे माझा अड्यारचा पत्ता. बोलता येत नाही. त्यांच्या फोनवर फोन करता येत नाही, आणि मध्यस्थ अडलेला म्हणजे मेसेजही जायचा नाही. तमिळचं अक्षर वाचता येत नाही, आणि मराठी लिहून दाखवलं तर तिथं वाचणार कोण. इंग्रजी येतं, पण अण्णा अनोळखी माणसाला कागद लिहून दाखवत नाहीत. आवाज गेल्यापासून दोनदा लोकांनी त्यांना भिकारी समजून नाणं दिलं होतं, तेव्हापासून नाहीत.

कंपनीची गाडी मागून घेतली. हमरस्त्यावर कंटेनरची रांग. गाडीतून मी रेल्वे पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. माझं तमिळ बाजारापुरतं. घाबरल्यावर तेही अर्धं राहतं. मी म्हटलं, “एन अण्णावै काणोम.” माझे अण्णा सापडत नाहीत. सकाळच्या गाडीनं आले, सेंट्रलवर. पांढरा शर्ट, चष्मा. “पेस माट्टार.” बोलत नाहीत.

पलीकडचा पोलीस भला माणूस होता. त्यानं विचारलं, भांडण झालंय का. मी म्हटलं हो, झालंय. तो म्हणाला, मग काळजी करू नका, राग गेला की घरी येईल. तरी बघतो म्हणाला.

मग घरमालकीणबाईंना फोन केला, दारात कुणी येऊन बसलंय का ते विचारायला. त्या तंजावरकडच्या मराठी, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा दोनशे वर्षं जुनी आणि सूर सगळा तमिळ, वाक्य शेवटाला वर चढतं. मी त्यांना पाटी म्हणते, तमिळमध्ये आजीला म्हणतात तसं. दारात कुणी नव्हतं. पाटींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “पोलिसाला काय सांगितलीस? अण्णा म्हणून?”

“हो.”

“मग ते तुझ्या भावाला हुडकतायत की गं. वडलांना अप्पा म्हणायचं. आणि पेस माट्टार म्हणजे बोलायचं नाही म्हणून रुसून बसलाय. बोलता येत नाही तर पेस मुडियादु. ठेव फोन, मी सांगते.”

सोळा वर्षं चेन्नईत काढलेली मी. बापाला शोधायला निघाले आणि पोलिसाला रुसलेला चाळिशीचा भाऊ शोधायला लावला. वय त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पाटींनी फोन केल्यावर पाच-सात मिनिटांत पोलिसाचा मला फोन आला. पेरियवर, म्हणजे म्हातारे गृहस्थ, पुस्तकांच्या दुकानाजवळच्या बाकावर आहेत. मांडीवर पिशवी आहे. मघाशी मी त्यांच्याच समोरून दोनदा गेलो, असं तो म्हणाला, आणि माफी मागितली. चूक त्याची नव्हतीच.

मी सेंट्रलला पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. अण्णा त्याच बाकावर होते जिथं मी त्यांना मागच्या खेपेला घ्यायला आले होते. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. रुमाल ओला करून गळ्याशी धरलेला. बाकावर फोनच्या दोन रिकाम्या बॅटऱ्या व्यवस्थित शेजारी शेजारी ठेवलेल्या. मला बघितल्यावर उठायला गेले आणि पाय अवघडल्यामुळं परत बसले. मी त्यांच्या पायाशीच बसले. मला रडू येत होतं आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग फोन सरकवून उघडला, लिहिलं आणि माझ्यापुढं धरला.

‘मेसेज सगळे मिळाले ना?’

हा प्रश्न मी मनात शंभर वेळा परत विचारून घेतलाय. तेव्हा उत्तर द्यायला मला किती वेळ लागला असेल? दोन श्वास. नाही म्हटलं असतं तर पुढं सांगावं लागलं असतं की तो शब्द मी घातलाय, तो काहीही झालं तरी येतो, चार वर्षं येतोय. मग त्यांनी कुठल्या मेसेजवर विश्वास ठेवायचा? हा फोन म्हणजे त्यांची जीभ, आणि ती खोटी आहे असं मी त्यांना तिथं, त्या बाकावर कसं सांगणार होते. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं कारण इतकं थोर नाही. मला माझी चूक कबूल करायची लाज वाटली. शनिवारी मीच त्यांना हट्टी म्हटलं होतं.

“मिळाले,” मी म्हटलं. “मीटिंग होती, अण्णा. कामात होते. निघताच येईना.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागावले असते तर मी सगळं ओकून टाकलं असतं. त्यांनी मान हलवली, ‘बरं’ असं लिहिलं, बॅटऱ्या पिशवीत टाकल्या आणि उठले. मेट्रोत आम्ही शेजारी बसलो. मी बडबडत होते, नवं घर, पाटी, पाटींचं रसम. ते खिडकीतून बाहेर बघत होते, आणि बोगद्यात खिडकीतून काही दिसत नाही.

घरी आल्यावर अण्णा अंघोळीला गेले. मी संगणकापुढं बसले. चूक सापडायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, एक ओळ होती. बाहेरचं दार उघडलं, आणि माझ्या पर्समध्ये माझा फोन घुर्र घुर्र करायला लागला. रांगेत थांबलेले सगळे मेसेज एकामागून एक येत होते, ज्या वेळी लिहिले ती वेळ घेऊन.

शनिवार. ‘रागावू नको. तू म्हणतेस ते बरोबर आहे. सोमवारच्या गाडीनं फोन घेऊन येतो.’

रविवार. ‘तिकीट मिळालं. खालचा बर्थ आहे. शेंगाची चटणी किती आणू ते कळव.’ त्याच दिवशी संध्याकाळी, ‘कळवलं नाहीस. अर्धा किलो घेतो.’

सोमवार. ‘बसलो. काकू सोडायला आल्या होत्या.’

मंगळवार, सकाळ. ‘उतरलो. मागच्याच बाकावर आहे. घाई करू नको.’ मग, ‘ट्रॅफिक असेल.’ मग, ‘दुसरी बॅटरी घातली.’ मग, ‘काम असेल तर संपवून ये, मी बरा आहे.’ दुपारी एक वाजता, ‘माझं काही चुकलं असेल तर सांग.’ दोनला काही नाही. तीनला काही नाही. पावणेपाचला शेवटचा.

‘परतीची गाडी संध्याकाळी आहे. तुला नको असेल तर मी जातो. फोन आहे तसा चालवीन, तुला त्रास देणार नाही. चटणी पोलिसाजवळ ठेवू का?’

अण्णा न्हाणीघरात होते. पाण्याचा आवाज येत होता. हे सगळं मी सकाळपासून वाचलंय आणि तरी मीटिंगमध्ये बसून राहिले, असं माझ्या बापाला वाटत होतं. ते तसं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. ‘तुला नको असेल तर’ हे वाचूनसुद्धा पोरगी आली नाही, काम संपल्यावर आली. आणि ह्या माणसानं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता.

तेव्हा न्हाणीघराच्या दाराशी जाऊन सांगायला हवं होतं. मी दारापर्यंत गेले. मग पाटी खालून रसम घेऊन वर आल्या आणि मी पानं घ्यायला लागले.

अण्णा आठ दिवस राहिले. फारच शहाण्यासारखे राहिले. आमच्याकडं पाहुणा राहतो तसे, स्वतःचं ताट स्वतः उचलून. पाटींशी त्यांचं छान जमलं. त्या तोंडानं बोलायच्या, हे बटणांनी, आणि लिहिलेली मराठी पाटींना धड वाचता येत नाही म्हणून मी मध्ये बसून वाचून दाखवायची. पाटींनी एकदा मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, “पोलिसाची गंमत अप्पांना सांगितलीस का?” मी म्हटलं, सांगते. ती गंमत सांगायची तर आधी बाकीचं सांगावं लागलं असतं.

त्या आठ दिवसांत मी फोनचं सगळं केलं. नवी ओळखपत्रं भरली. कुलपाची नीट सोय केली, आता आणखी तीन-चार वर्षं बघायला नको. आणि तो शब्दही नीट केला. आता बटण दाबलं की आधी एक टिंब येतं, आणि मेसेज खरोखर माझ्या फोनवर मिळाल्याशिवाय टिंबाचा ‘पोचला’ होत नाही. अण्णांना मी हे सांगितलं नाही. त्यांना दिसायला शब्द तोच दिसतो, एखाद्या क्षणाच्या फरकानं.

ते परत गेल्यावर मेसेज येत राहिले. सकाळी एक, संध्याकाळी एक. ‘उठलो.’ ‘जेवलो.’ मी खोदून खोदून विचारायची, गल्लीत काय चाललंय, काकूंच्या आमटीत मीठ असतं का. ‘ठीक आहे’ असं उत्तर यायचं. हातमोज्यांचं विचारणं बंद झालं. घरी कधी येतेयस असं अधूनमधून विचारायचे, तेही बंद झालं. आधी मला वाटलं प्रवासानं थकलेत. मग वाटलं वय झालं. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

मागच्या महिन्यात काकूंनी फोन केला. अण्णा न्हाणीघरात पाय घसरून पडले होते, नऊ दिवसांपूर्वी. मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलंय, डाव्या हाताचं. काकू म्हणाल्या, “मला वाटलं तुला माहीतच असेल. रोज लिहितात की तुला.” मी त्या नऊ दिवसांचे मेसेज उघडले. अठरा होते. ‘उठलो.’ ‘जेवलो.’ एका अंगठ्यानं लिहिलेले, आणि त्यावरून मला काहीही ओळखता आलं नव्हतं.

मी लिहिलं, ‘अण्णा, हात मोडला आणि मला कळवलं नाहीत?’

ते लिहायला बसले असणार, एका अंगठ्यानं, उशीला टेकून. वेळ गेला. मग आलं.

‘तू कामात असतेस.’

पाठवल्यापासून दोन सेकंदांत मिळाला. फोन आता अगदी व्यवस्थित चालतो.